खंड्याची भाकरी

कलकत्ता,
ता. ९ डिसेंबर १९५६

सौ. वृंदास,
मायेचे आशीर्वाद.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीही बेताचीच आहे. क्वार्टर मिळेल असं साहेब म्हणतात. कधी, ते म्हणत नाहीत.

आज ऑफिसातले बापट सहकुटुंब फिरायला निघाले, मलाही नेलं. त्यांची बायको, दोन मुली आणि दोन कुत्री. गार्डन रीचहून नावेने नदी ओलांडली आणि पलीकडच्या बोटॅनिकल बागेत काठाकाठाने दोन मैल चाललो. रस्ता सुरेख आहे. मुली कुत्र्यांशी बंगालीत बोलत पुढे पळत होत्या. मी मागून चालत होतो. रविवारी कृष्णाकाठाने आपणही खंड्याला पुढे सोडून असेच जायचो.

तू दिवाळीत पाठवलेलं ज्वारीचं पीठ आज संपलं. जुन्या पिठाच्या भाकऱ्या थापताना मोडत होत्या, तू हसली असतीस. सवयीने एक जास्त झाली, खंड्याची. बापटांच्या कुत्र्यांपुढे धरली, तर त्यांनी हुंगून तोंड फिरवलं.

"त्यांना मासळी-भात लागतो हो," वहिनी म्हणाल्या.

ती भाकरी परत आणली आणि आत्ता लिहिता लिहिता मीच खाल्ली.

आईचा गुडघा कसा आहे? मला येऊन सहा महिने झाले. खंड्या अजून संध्याकाळी दारात बसतो का?

कागदावरचा डाग चटणीच्या तेलाचा आहे. वाचून झालं की कागद खंड्याला हुंगायला दे. त्याने शेपूट हलवलं तर लगेच कळव. नाही हलवलं, तर त्याबद्दल काही लिहू नकोस.

तुझा,
विनायक