खड्यांतली अंडी

औरंगाबाद, छावणी

ती. आईच्या पायांवर प्रमोदिनीचं डोकं.

आम्ही दोघंही बरी आहोत. यांचा दिवस कचेरीत उर्दू कागद लिहिण्यात जातो. मी आता दोन घास जास्त जेवते. बाबांचा खोकला कसा आहे?

काल शेजारच्या शमशादआपांनी आग्रहानं घरी नेलं. त्या पक्ष्यांची चित्रं काढतात. टिटवीचं नवं चित्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. चोच उघडी, मान ताणलेली, एक पिवळा पाय उचललेला. आता ओरडेल असंच वाटलं. भोवती नुसते खडे.

"जवळून बघ गं. अंडी दिसली का?" आपांनी विचारलं.

खड्यांतच अंडी होती, खड्यांसारखीच करडी, ठिपक्यांची. नदीवर जाताना ज्यांच्यासाठी तू मला जपून पाय टाकायला लावायचीस, तशीच.

बाळ गेल्यापासून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तिथं मात्र रडू आवरेना. माझं डोकं मांडीवर घेऊन आपा बसून राहिल्या. संध्याकाळी हे न्यायला आले आणि मला बघून तेही दारातच रडले.

आई, मागच्या पत्रात मी येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं. आता ये.

तुझीच,
प्रमोदिनी