दुपारची झोप बंद

राजकोट,
ता. २१ जानेवारी

प्रिय भानुबेन यांस, मांडवी मुक्कामी, राजकोटहून तुमच्या भाभीचे जय श्रीकृष्ण.

पत्र बघून दचकू नका, वाईट काही नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही विचारणार ‘केम छो’, मी म्हणणार ‘मजामां’, आणि मग दोघीही गप्प. तुमचे भाऊ गेल्यापासून आपलं हेच चाललंय. म्हणून म्हटलं, या वेळी कागदच घ्यावा.

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत उडदाच्या पिठाचे अडदिया केलेत की नाही? इथे घरचं तूप घातलेला अडदिया बघायलाही मिळत नाही. रात्री पातळ खिचडी आणि कढी, बास.

देवदिवाळीनंतर मी घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, हे भाविनने कळवलंच असेल. पाण्यावरून पाय घसरला असंही सांगितलं असेल, कारण त्याला मी तसंच सांगितलं होतं. पाणीबिणी काही नव्हतं. झोपेची गोळी घेतली होती, त्या गुंगीतच उठले, डोकं गरगरलं आणि सरळ फरशीवर आले. ऑपरेशन झाल्यावर भाविनने मला एका ट्रस्टच्या केंद्रात ठेवलं. माझ्यासारख्या मोडलेल्या म्हाताऱ्यांना इथे पुन्हा चालायला शिकवतात.

डॉक्टरांनी भाविनला माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं, की ही गोळी चालू राहिली तर बा पुन्हा पडणार, आणि दुसऱ्या खेपेला उठणार नाही. भाविन म्हणाला, बा, गोळी सुटली तर तुझ्या घरी राहा, नाही तर सुरतला माझ्याकडे चल. मुलगा गुणी आहे, सूनही चांगली आहे. पण नवव्या मजल्यावर मी करू काय? माझी तुळस इथे, शेजारीण इथे, देवदर्शनाची हवेली चालत जाण्याएवढ्या अंतरावर. घर सुटलं तर माझं असं काही उरणार नाही, भानुबेन.

आता इथली गंमत ऐका. मी आले तेव्हा वॉर्डाची तऱ्हा आपल्या गावासारखीच होती. एक वाजला की आया पडदे ओढायच्या, नातेवाईक बाहेर, बत्त्या बंद. राजकोटच्या माणसाला दुपारी एक ते चार कोण उठवणार? दुकानं बंद, बँकेतला शिपाईसुद्धा पेंगतो. ज्याचं हाड मोडलंय त्याला तर आणखी झोपू द्यायला हवं, असं सगळ्यांना वाटायचं. परिणाम असा, की रात्री वॉर्डात जत्रा. कोणी भजन म्हणतंय, कोणी चहा मागतंय, आणि सगळे मिळून गोळी मागतायत.

मग व्यायाम घेणारी फोरम नावाची मुलगी आली, वलसाडची. तिने पहिल्याच दिवशी एक वाजता पडदे उघडले. दुपारी पडायचं नाही, व्हरांड्यात उन्हात बसायचं. सकाळ-संध्याकाळ वॉकर घेऊन चालायचं, चारनंतर चहा नाही. रात्री पायांना कोमट तेल लावायचं, आणि झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून खुर्चीत बसायचं, आयाला हाक मारून. गोळी एकदम नाही, डॉक्टर हळूहळू कमी करणार. गदारोळ झाला. एका ट्रस्टींनी तर तिला ऐकवलं, की दुपारी जागं ठेवायचं असेल तर वलसाडला जाऊन ठेव. ती हसली आणि पुढचा पडदा उघडला.

बाकीच्यांना आठवड्याभरात फरक पडला. मला नाही. गोळी कमी होत होत बंद झाली, दुपारची झोप गेली आणि रात्रीचीही आली नाही. फोरमने विचारलं, बा, रात्री जाग्या असता तेव्हा काय करता? मी म्हटलं, देवाचं नाव घेते. ते खोटं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर जीविमा आहेत, गोंडलकडच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्या घोरतात, आणि घोरता घोरता मध्येच थांबतात. ते थांबणं ऐकत मी पडून असते. पुन्हा सुरू झालं की मला श्वास घेता येतो. दुपारी मला पूर्वी छान झोप लागायची, कारण दिवसा कोणी असं जात नाही अशी मनाची समजूत.

परवा दुपारी व्हरांड्यात आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. अवघं राजकोट झोपलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही, जाग्या फक्त आम्ही. जीविमांनी मान वर न करता विचारलं, “इंदु, रात्रभर माझ्या तोंडाकडे काय बघतेस? कानातल्यांवर डोळा आहे का?”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग जे कोणालाच बोलले नव्हते ते त्यांना सांगितलं. माझ्या शेजारच्या खाटेवर रात्री तुमचे भाऊ गेले आणि मला सकाळी चहा घेऊन उठवायला गेल्यावर कळलं, ते. आणि तुम्ही मांडवीहून आलात, सगळ्यांसमोर मला विचारलंत, “भाभी, शेजारी झोपला होतात, कळलं कसं नाही?”, तेही.

जीविमा म्हणाल्या, “तू जागी राहिल्याने मी जगणार असते तर माझ्या पोरांनी तुला पगारावर ठेवली असती.” मग शेंगा बाजूला ठेवून माझा हात धरला. “तुझ्या धन्याने हाक मारली असती तर तू उठली असतीस. त्याने मारलीच नाही. त्यालाही झोपच लागली होती, बाई.”

मी पोटभर रडले. नंतर त्यांनी उरलेल्या सगळ्या शेंगा माझ्याकडून सोलून घेतल्या.

त्या रात्री मला झोप लागली, गोळीशिवाय. सकाळी जीविमांनीच मला हलवलं. म्हणाल्या, “ऊठ, मी आहे अजून.”

काल रात्रीही झोपले. डॉक्टर म्हणतात, अशीच झोप लागत राहिली तर पुढच्या महिन्यात आपल्या घरी जा, मात्र सुरुवातीला रात्री सोबत हवी. भाविन बाई ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, आधी मला एकीला विचारू दे.

तुमचा प्रश्न मला फार लागला होता, भानुबेन. रागही आला होता. पण तुमचा भाऊ गेला आणि तुम्हाला त्याचं तोंडही नीट बघता आलं नाही, तेव्हा तुम्ही आणखी कोणाला विचारणार होता? उत्तर तेव्हा दिलं नाही, आज देते. मला कळलं नाही, कारण मला गाढ झोप लागली होती. आदल्या रात्री ते वांग्याचा ओळो आणि बाजरीचा रोटला पोटभर जेवले, मला हसवलं, दिवा मालवला. त्यांनी हाक मारली नाही. याहून जास्त मला खरंच ठाऊक नाही.

तुम्ही या. त्यांच्या खाटेवर तुम्ही झोपा. मी शेजारी असेन, पण तुमचा श्वास ऐकत जागी राहणार नाही. एवढं चालणार असेल तरच या.

झोपेतून उठून, उजेडात बसून हे लिहिणारी,
तुमची भाभी इंदुमती