पदराला तीन पिना

दहा पावलं राहिली होती आणि तुझ्यामुळे मी थांबले. गेल्या हिवाळ्यात इचोड्याच्या दौडीत पहिला नंबर माझा होता, तो तू घालवलास, माय. हे आधी सांगते. कशी आहेस वगैरे मी विचारणार नाही. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, आता तब्येतीचं काय विचारायचं.

तुझ्या काळी हे खूळ नव्हतं. आता थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी लोक सडकेनं पळतात. मागे कुत्रं नाही, पुढे बस नाही, तरी पळतात. कोणी पाच किलोमीटर, कोणी तीन. छातीवर नंबराचा कागद. मंचेरियलहून मास्तरणी येतात, मनगटावरच्या घड्याळाला विचारल्याशिवाय श्वास घेत नाहीत. अर्धा तास हातपाय ताणतात आणि पळून झालं की फोटोसाठी पुन्हा पळतात. ज्वारीच्या कडब्याच्या दोन पेंढ्या डोक्यावर दिल्या तर वावराच्या धुऱ्यावरच, बांधावरच बसतील. अशांच्यात मी, काष्टा घालून, पायात नातीचे जुने बूट. डॉक्टरनं साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, सुनेनं नाव पळण्यात घातलं. साठीच्या वरच्या बायांची तीन किलोमीटरची दौड वेगळी असते. त्यात मी चार हिवाळे पळते आहे. बाकीच्या म्हाताऱ्या निम्म्यातच चहाची टपरी शोधतात, त्यामुळे पहिलं येणं काही मोठं काम नाही. तेही गेल्या खेपेला मला जमलं नाही.

गेल्या वर्षी रिबिनीजवळ लाल खुर्चीवर माझा भासरा बसला होता. मालकांचा थोरला भाऊ. कानटोपी, अंगावर शाल, गावातला मोठा माणूस म्हणून आता दौडीलाही बोलावतात. कशानं मोठा ते मला अजून कळलेलं नाही. तो दिसला आणि माझे पाय आपोआप आवरले. पदर डोक्यावर घेतला, खाली वाकून बूट काढले, हातात धरले आणि मान घालून हळूहळू त्याच्यासमोरून निघाले. माइकवरचा तेलुगू पोरगा ओरडतो आहे, "अव्वा, अव्वा, आगोद्दु." म्हातारे, थांबू नको. मला तेलुगू कळतं. माझ्या पायांना कळत नव्हतं. तेवढ्यात चहा पिऊन आलेली एक जाडी बाई बाजूनं गेली आणि रिबीन घेऊन गेली.

हे माझ्या पायांना कोणी शिकवलं ते तुला ठाऊक आहे. लग्नाआधी पंधरा दिवस तू अंगणात बाज टाकलीस आणि तिच्यावर बाबांचं पागोटं ठेवलंस. "हा तुया सासरा समज," म्हणालीस, "चाल याच्या म्होरून." मी चालते आहे. चपला हातात, पदर कपाळावर. पाऊल जरा लांब पडलं की पोटरीवर फुंकणी. बाबा कामाला निघाले, पागोटं मागायला लागले तर म्हणालीस, "थांबा जरा, सासरा बसला हाय." ते हसले. मी हसले नाही. एका पागोट्यासमोरून मी पंधरा दिवस चालले, माय. त्यात डोकंसुद्धा नव्हतं.

आणि हे सगळं तू शिकवावंस? मी सात वर्षांची असताना कपाशीत मला विंचू चावला. तू मला कमरेवर घेतलंस आणि वावरातून निघालीस ती थेट चावडीसमोरून वैदूच्या घरापर्यंत पळत. पदर मातीत, केस मोकळे. चावडीवर तुझा सासरा, चार म्हातारे, सगळे बसलेले. तू बघितलंसुद्धा नाहीस. तुझा श्वास माझ्या कानात वाजत होता आणि मला विंचवाचा विसर पडला होता. तसं पळणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही, मंचेरियलच्या घड्याळवाल्यांतही नाही. त्याच दिवशी दुपारी तुझ्या सासूनं तुला चावडीपुढं उभं केलं आणि सात वेळा चालायला लावलं. नाकापर्यंत पदर, चपला हातात. तू चाललीस. मी सुजलेला पाय घेऊन ओट्यावरून मोजत होते. मला शिकवायची वेळ आली तेव्हा तुला पळणं आठवलं नाही, ते सात फेरे आठवले. याचा मला राग आहे आणि तो मी सोडणार नाही.

तुझी फुंकणी मी माहेराहून आणली होती. सुनेच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती, बस सुटत होती म्हणून ती लेकराला घेऊन माझ्या या भासऱ्यापुढून पळाली. घरी आल्यावर तिच्या पोटरीवर मी ती एकदा ओढली. एकदाच. पण हात तुझाच होता.

या वर्षी दौडीच्या सकाळी तीच सून माझ्यामागे उभी राहिली आणि माझा पदर कमरेशी आवळून तीन पिना लावल्या. मी म्हटलं, "काऊन एवढ्या?" म्हणाली, "आत्या, मागच्या साली तुमच्या हातातले बूट मीच घेतले. तुमी काऊन थांबल्या मले मालूम हाय." मग म्हणाली, "फुंकणी मले बी लागली होती." मी वाकून बुटाची नाडी आवळली.

भासरा पुन्हा तिथंच, तीच कानटोपी. मी पुढे, मागे कोणी नाही. हात पदराकडे गेला, ओढला, पदर आला नाही. पुन्हा ओढेपर्यंत खुर्ची मागे पडली होती आणि रिबीन माझ्या पोटाला लागली होती. मेडल भासऱ्याच्याच हातून द्यायचं होतं. आता भासऱ्यानं भावजयीला शिवायचं नाही, गळ्यात घालणार कसं? ते मेडल त्यानं टेबलावर ठेवलं आणि माइकवाल्याला म्हणाला, "सांगा तिले, पायात बूट होते." मी ते उचलून स्वतःच गळ्यात घातलं. पत्र्याचं आहे. त्याच्या मोठेपणाएवढंच वजन.

घरी सून सगळ्यांना सांगत सुटली आहे, आत्या भासऱ्याला भ्यायल्या नाहीत. तू विश्वास ठेवू नकोस. पिना नसत्या तर मी थांबले असते. बूटसुद्धा काढले असते. हे तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

गॅस आल्यापासून फुंकणी कोपऱ्यात उभी आहे. हा कागद गुंडाळून तिच्यातच घालते, दुसरीकडे कुठं पाठवणार. उत्तर तू द्यायचं नाही. तू नुसती रडशील आणि माझंच चुकलं म्हणशील. उत्तर तुझ्या सासूनं द्यावं. लिहिता येत नसेल तर तिथल्या कोणा शिकलेल्याला सांगावं. आणि ती सांगत बसली की तू तिच्यासमोरून जा. पळत जा.