पांढऱ्या सॉसवरची फोडणी

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घातल्या असशील. पण माझे फोन तू उचलत नाहीस, आणि पोस्टमनला काही कट करता येत नाही. शिवाय संस्कृत शिकवणाऱ्या बाईनं जुनाट वाटेनंच यावं, हे शोभूनही दिसतं.

तू बाबांशी बोलणं टाकलंस त्याला दोन वर्षं झाली. हॉटेल चालू आहे. पाटीवर अजून ‘इटालियन’च आहे, आतला पास्ता मात्र त्याच्या माहेरच्यांनी ओळखला नसता. गिऱ्हाईक म्हणतं, ‘काका, जरा झणझणीत होऊ द्या’, की बाबा पळी तापवायला घेतात. शास्त्रात रस सहा. आपल्याकडे सातवा, लसूण-मिरचीची फोडणी.

तू परदेशातून शिकून आलास आणि ती पळी हद्दपार केलीस. पांढरा सॉस, वर दोन हिरवी पानं. ताटल्या अर्ध्याअधिक तशाच परत यायच्या. तू घरी येऊन न जेवताच भिंतीकडे तोंड करून पडायचास. मग एकाएकी ताटल्या चाटूनपुसून येऊ लागल्या. काय खुलला होतास रे! आंघोळ करताना गायचास; शेजारच्यांनी तेही सोसलं.

आणि एका दुपारी तुला दिसलं. भटारखान्यातून टेबलांकडे जाणाऱ्या बोळात, छोट्या शेगडीपाशी उभे राहून बाबा तुझ्या प्रत्येक ताटलीवर फोडणी ओतत होते. ‘तुम्ही मला फसवलंत’ एवढंच म्हणालास, ॲप्रन तिथेच टाकलास आणि गेलास.

तू उपाशी झोपतोस हे त्यांना बघवत नव्हतं. आणि त्यांना औषध ठाऊक होतं ते एकच.

आता मुद्द्याचं. बाबांचा घसा बसला होता. आम्ही ठसक्याला दोष देत राहिलो. गाठ निघाली. महिनाअखेरीला ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, आवाज जाईल. त्यांना तुला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, मला सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, ‘नको, तू शुद्धलेखन सुधारशील.’ आताच त्यांचं बोलणं तोंडाशी कान नेल्याशिवाय कळत नाही, फोनवर तर नाहीच. म्हणून ये. तुझा राग घेऊनच ये. तू एक अक्षर बोलला नाहीस तरी चालेल. फक्त त्यांच्याजवळ बस आणि त्यांना बोलू दे.

तुझीच,
ताई