सासूबाई कोर्टात बोलल्या

बालाघाट,
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय राखीताई,

सप्रेम जय भीम. भाऊजी अन् लेकरं मजेत असतील. इकडे थंडी ओसरून राह्यली. आमची श्रुतिका पहिलीत आहे, शाळेत हिंदी अन् आजीसंग मराठी बोलते. माझं शिलाईचं काम बरं चाललं आहे.

तू फोनवर विचारलं होतं, "गीता, आवाज काहून बसला?" मी सर्दी सांगितली. सर्दी नव्हती, ताई. ते पुढं लिहिते. आधी सासूबाईंचं ऐक.

त्या कधी बँकेतही एकट्या गेल्या नाहीत. पण जानेवारीत एक दिवस सकाळीच मले म्हणाल्या, "चाल, पोरीले स्वेटर घाल." त्यांचा एक हात ओढणीत बांधलेला होता. आधी सरकारी दवाखान्यात गेलो, तिथं प्लास्टर घातलं. मग महिला संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. मॅडमनं विचारलं, "अर्ज बहू का है?" सासूबाई म्हणाल्या, "दोघींचा लिहा. मार मीही खाल्ला."

आदल्या दिवशी वरण थंड होतं म्हणून वीरेंद्रनं माझा गळा दाबला. सासूबाई मधात पडल्या, तर त्याहीले ढकललं. मनगट मोडलं. पहिल्यांदा नव्हतं, ताई. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आहे. तुले सांगायची हिंमत होत नव्हती.

पेशीच्या दिवशी आम्ही दोघी कोर्टात उभ्या राह्यलो. वीरेंद्रच्या वकिलानं सासूबाईले विचारलं, "अपने ही बेटे के खिलाफ बोलोगी?"

"हौ," त्या म्हणाल्या. "त्याले मीच वाढवलं. तो काय करते, हे माझ्यापेक्षा कोणाले माहीत?"

जजसाहेबांनी विचारलं, काय पाहिजे? त्या हात जोडू शकत नव्हत्या, म्हणून ताठ उभ्या राहून बोलल्या, "ह्या पोरीले, माझ्या सुनेले, अन् मले हात लावू नये. माझ्या घरात येऊ नये."

साहेबांनी तसाच आदेश दिला.

बाहेर वीरेंद्र म्हणाला, "माय, तू माही नाही राह्यली." त्या तशाच पुढं चालत राह्यल्या. घरी आल्यावर मात्र चुलीजवळ बसून लय रडल्या. मीही रडली. मग त्याहीनं विचारलं, "आता तू माहेरी जाशील न?"

ताई, तू मले नागपूरले बोलावशील, मले माहीत आहे. दारावर थाप पडली की आम्ही दोघी अजून दचकतो. पण मी येणार नाही. पोटच्या पोराविरुद्ध उभी राहून ज्या बाईनं मले वाचवलं, तिले एकटी ठेवून मी कुठं जाऊ? तूच ये, तिले भेट. मोठ्या मनाची माणसं कशी असतात, ते श्रुतिका रोज पाहून राह्यली.

तुझी लहान बहीण,
अन् आता विमलाबाईची लेक,
गीता