फॉस्टिनाची राख

वडीलधाऱ्या काचानाताईस,

पागाहून धाकट्या वेपियाचा गुडघे टेकून नमस्कार. कुमासीत तू, दाजी, मुलंबाळं, कोंबड्या सगळी खुशाल असालच. आमच्याकडे बाजरी बरी आहे. मी बरा नाही, पण ते पुढे येईलच.

तुझ्या कानावर गेलंच असणार, तरी घडलं ते नीट सांगतो, कारण लोक तपशील चुकवतात. मी काम करतो त्या आरोग्य केंद्रात सध्या अभ्यास चालू आहे, की गरोदर बाईची तपासणी लवकर सुरू झाली तर आई आणि मूल किती वाचतात. अडचण ही, की पहिलटकरणीवर नवऱ्याकडच्या बाईने राख टाकेपर्यंत त्या विषयावर कुणी ब्र काढायचा नाही, त्यामुळे बायका आमच्याकडे येतात त्याच उशिरा. केंद्रात नव्याने लागलेल्या पोरांना 'राखेआधी तोंड उघडायचं नाही' हे मीच शिकवतो. (मला कुणी शिकवलं नाही. प्रसूतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक मी शेळ्या राखताना वाचलं.) आणि त्या दिवशी आपली सून फॉस्टिना दावादावाच्या आंबवलेल्या बियांच्या उग्र रश्श्यापासून नाक वळवून उठली, तेव्हा भरल्या अंगणात मीच बोलून गेलो, "सूनबाई, तू गरोदर आहेस. उद्याच केंद्रात चल."

तुझी भावजय म्हणाली, "राख नणंदेच्या हातची, आणि तोंड मात्र तुमचं." अपिऊकाकांनी विचारलं, की आता बाळाला पाजणारही तूच का रे? (शरीरशास्त्राप्रमाणे ते शक्य नाही, हे मी त्यांना समजावूनही सांगितलं. ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.)

फॉस्टिना रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून ती एवढंच म्हणते, "मामंजी, राख पडली नाही म्हणजे पोटात काही नाही. मग तपासायचं काय?" पोट आता परकराच्या नाडीला ऐकत नाही. मुलगा माझ्याशी बोलत नाही. ताई, शेजारच्या गावांतल्या किती बायकांना मी दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, आणि माझ्याच घरातली उंबऱ्याआत बसली आहे. तिचे पाय सुजलेत. या सुजेचा अर्थ मला कळतो (रक्तदाब चढत असावा; त्यात डोकं दुखू लागलं, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका), आणि तो मी कुणापाशी बोलू शकत नाही.

मुलाला बहीण नाही, तेव्हा राखेचा मान तुझाच. तो मी हिरावला म्हणून तू रागावली आहेस, आणि रास्तच रागावली आहेस.

तुझा,
वेपिया

ता. क. तू ये. राख सून बेसावध असतानाच टाकायची असते, म्हणून तुझी कंबर धरली आहे आणि तू पागाच्या वैदूकडे येते आहेस, असं घरात सांगून ठेवलं आहे. बसमधून उतरल्यावर जरा वाकून चाल.

ता. क. दुसरा. फॉस्टिनाने पत्र वाचलं. म्हणते, आत्याबाईंना उगाच वाकायला लावू नका. ती सकाळी रांजणापाशी दाराकडे पाठ करून बेसावध बसेल, आणि राख पडली की तशीच उठून दवाखान्यात येईल. फक्त लवकर या, असं लिहा म्हणाली. कालपासून तिचं डोकं दुखतंय.