बरं होण्याची भीती

१२ जानेवारी

ती. ताईंस,
धाकट्या भावजयीचा सादर सलाम वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असाल. एरवी तुमचे भाऊ लिहितात आणि मी खाली एक ओळ खरडते. हे पत्र मात्र त्यांना न सांगता लिहीत आहे. दोन महिने त्यांना खोकला होता. बाइंडिंगच्या कारखान्यात कागदाचा भुगा उडतो, त्याचाच असणार, म्हणून अंगावर काढला. मग रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा मीच दंडाला धरून दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. तुमच्या घरी पेंटरदाजींना झाला होता तोच. माझी तपासणी झाली, मला काही नाही. खोलीत वारा खेळता ठेवायला सांगितलंय, म्हणून रोज खिडक्या उघड्या ठेवते.

डॉक्टर म्हणाले, सहा महिने न चुकता गोळ्या घेतल्या तर माणूस ठणठणीत होतो. गोळ्या आणून तेरा दिवस झाले. एकही घेतलेली नाही. विचारलं की म्हणतात, प्रार्थनेत ठेवलंय. चर्चच्या प्रार्थना मंडळाचे लोक येतात, डोक्यावर हात ठेवतात, जातात. पाळकसाहेब स्वतः येऊन सांगून गेले की गोळी गिळूनही प्रार्थना करता येते, तोंड त्यानंतर मोकळंच असतं. हे हसले आणि गोळ्या परत कपाटात ठेवल्या.

सहा वर्षांपूर्वी काय झालं ते मला माहीत आहे. हे तुम्हालाच लिहावं लागतंय याची लाजही वाटते. पण ते ऐकतील असं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.

तुमची,
भावजय


१९ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायकोनं मला लिहिलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. मी लांब असले तरी तुझा कान धरण्याइतका हात माझा लांब आहे.

इथे शाळेच्या साठ शर्टांचं काम आलंय. काजं करून करून बोटाला घट्टे पडले. गुडघा कुरकुरतो, पण मशीन चालवायला लागले की दोघं एकदमच कुरकुरतात, त्यामुळे कळत नाही.

आता मुद्द्याचं. सहा वर्षं मी तुला ‘सर्व क्षेम’ लिहीत आले आणि एक गोष्ट कधी काढली नाही. आज काढते. आमच्या पेंटरसाहेबांना गोळ्यांचा तिसरा महिना चालू होता. खोकला कमी झाला होता, अंग भरत होतं. त्या रविवारी उपासना संपल्यावर तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवलास आणि सगळ्यांदेखत सांगितलंस की प्रभूनं यांना बरं केलंय, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. आठ महिन्यांनी आपण त्यांना मातीत ठेवलं. आणि तू आता स्वतःच्या बाबतीत तेच करायला निघालास? एकदा पाहून तुझं पोट भरलं नाही का?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मुकाट्याने गोळी घे.

ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
ढब्बूचा सादर सलाम वि. वि.

ढब्बू म्हणायला आता मी तेवढा उरलो नाही. पट्ट्याला नवीन भोक पाडायला कारखान्यातलीच आरी वापरली. मालक म्हणाले, पुस्तकं शिवायची सोडून हा स्वतःलाच शिवायला लागला.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एकच मागणं मागतो. आमच्या मंडळात एक इस्त्रीवाल्या बाई आहेत. त्या परवा म्हणाल्या की जिथे कुणाच्या मनात आपल्याविषयी गाठ असते, तिथे आरोग्य अडून राहतं. तू मला क्षमा केलेली नाहीस, हे मला तुझ्या प्रत्येक ‘सर्व क्षेम’मध्ये दिसत आलंय. एक ओळ लिही, ‘क्षमा केली’ एवढीच. ती समोर ठेवून मी प्रार्थना करीन. बायकोला सांग, काळजी करू नको म्हणावं. माझं ती ऐकत नाही.

तुझा,
ढब्बू


३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

क्षमा म्हणजे काय शिवायला टाकलेला शर्ट आहे, माप कळवलं की तयार? त्या इस्त्रीवाल्या बाईंना माझा सलाम सांग. गाठीतलं त्यांना कळतंय, तर गोळीतलंही कळायला हरकत नव्हती.

बरं, तुला ओळ हवी ना? मिळेल. आधी गोळ्यांची एक पट्टी संपव. रिकामी पट्टी पाकिटात घालून मला पाठव. ती हातात पडली की त्याच दिवशी क्षमा लिहून टपालात टाकते. तोवर नाही. लहानपणी तुला दूध पाजताना मी अशीच वाटी उलटी करून बघत असे.

तुझी बायको रोज खिडक्या उघड्या ठेवून थंडीत कुडकुडतेय, तिचा तरी विचार कर.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सादर सलाम वि. वि.

सोबत रिकामी पट्टी आहे. गोळ्या मी घेतलेल्या नाहीत. एकेक काढून कारखान्यातल्या खळीच्या डब्यात टाकल्या. तुला फसवायचंच ठरवलं होतं. पण पट्टी घडीत घालताना तू ती उजेडात धरून बघशील असं डोळ्यांसमोर आलं आणि पाकीट चिकटवेना.

ताई, मी विश्वासामुळे गोळी टाळत नाही. मंडळाला तसं वाटतं, बायकोलाही वाटतं, आणि मी वाटू दिलं. खरं हे आहे की मला बरं होण्याची भीती वाटते. गोळ्यांनी मी बरा झालो, तर दाजीही झाले असते. मग त्यांना मी मारलं. आज ते देवाच्या इच्छेने गेले असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. मी ठणठणीत झालो की ती जागाही जाईल.

त्या रविवारी मला प्रभूचा कुठलाही आवाज आला नव्हता. दाजींच्या केसांना रंगाचा वास येत होता, एवढंच आठवतं. लोक डोळे मिटून माझ्या तोंडून काहीतरी यायची वाट पाहत होते. मला ते आवडलं. म्हणून बोललो. प्रभूचं नाव घेऊन बोललो.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता तुला क्षमा मागायलाही तोंड नाही.

ढब्बू


१८ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस नुसती बसून होते. शर्ट तसेच पडले. शाळेचा शिपाई येऊन बोलून गेला.

तू तुझं सांगितलंस, आता माझं ऐक. त्या गोळ्यांनी पेंटरसाहेबांना सकाळी ओकाऱ्या यायच्या. मग दुपारपर्यंत हात कापायचा. पाटीवरची अक्षरं वाकडी पडायची, गिऱ्हाईक परत जायचं. ते घमेलं धुऊन धुऊन मी विटले होते. तू गोळी बंद म्हणालास, तेव्हा माझा विश्वास बसला की नाही ते पुढचं, आधी मला हायसं वाटलं. घरी येऊन उरलेल्या गोळ्या मी माझ्या हातानं चिंध्यांबरोबर टाकल्या. त्यांनी विचारलंसुद्धा होतं, ठेवायच्या का थोड्या दिवस. मी नाही म्हणाले. पुढे खोकला उलटला तेव्हा दवाखान्यात नेता आलं असतं. तेही मी केलं नाही, कारण मग चारचौघांत आपला विश्वास उणा दिसला असता. सहा वर्षं मी हे सगळं तुझ्या खांद्यावर ठेवून दिलं. तू लांब होतास, सोयीचा होतास.

ती पट्टीची अट मी मागे घेते. तुझ्या आजाराच्या आडून मी तुला शरण आणायला बघत होते. क्षमा केली. गोळी घे किंवा घेऊ नकोस, केली. मनाला अजून पटलेलं नाही, पण मनाला विचारत बसले तर म्हातारी होऊन मरेन. आधी लिहून टाकलंय. तूही मला कर.

प्रभूकडे आरोग्य मागताना आपण त्याला वाटही आखून दिली, की यायचं तर हातातून ये, गोळीतून येऊ नकोस. त्याच्यावर एवढा हुकूम चालवणारे आपण कोण? तू बरा झालास की काय सिद्ध होईल, ते मलाही कळतं. होऊ दे. ते अंगावर घ्यायला आपण दोघं आहोत.

तुझी,
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सादर सलाम वि. वि.

तुझं पत्र आलं त्या सकाळी पहिली गोळी घेतली. ओकारी झाली. बायकोनं दुसरी पुढे केली, तीही घेतली. लघवी नारिंगी होते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर भिंतीला धरूनच बसलो असतो. तुला काय क्षमा करायची, ताई? पण मागितलीस म्हणून करतो.

रोज संध्याकाळी ताप चढायचा. गेल्या गुरुवारी थर्मामीटर लावला, तर चढला नाही. शुक्रवारीही नाही. बायको पहिल्यांदा हसली. मी जिन्यात जाऊन बसलो आणि दाजींसाठी रडलो, मातीच्या दिवशी रडलो नव्हतो तसा. तुला ‘मी बरा होतोय’ असं लिहायला हात उचलेना. पण लपवलं तर पुन्हा तेच होईल.

तुझा,
ढब्बू


२६ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोटं लिहीत नाही. ताप उतरल्याचं वाचलं आणि आधी राग आला. त्यांचाही असाच उतरला असता, एवढंच मनात. मशीन बंद केलं. तुझं पत्र फाडायलाही घेतलं होतं, कोपरा फाटलाय. मग गुडघे टेकले, कुरकुरत का होईना, आणि तुला पुन्हा क्षमा केली. एकदा केली की संपलं असं मला वाटलं होतं. तसं नाही. तू जितका सुधारशील, तितक्यांदा मला ती करावी लागणार.

म्हणून दर शनिवारी वजन करून मला कळव. किलोभर वाढलं तर किलोभर लिही, माझ्याकडे बघून कमी लिहू नकोस. तुला लिहायला जड जाईल, मला वाचायला. तरी लिही. गोळ्या चुकवू नकोस. बायकोला सांग, आता एखादी खिडकी लाव म्हणावं, डॉक्टर हो म्हणत असतील तर.

लोभ आहे. मधूनमधून आटेल, तेव्हा गप्प बसू नकोस, मागून घे.

तुझी,
ताई